मांजरानं स्नेक प्लांट चावला, आता झाड टाकायचं की ठेवायचं?

ठाण्याहून एका ताईंनी विचारलंय. नवव्या मजल्यावरचं घर, त्यात आठ महिन्यांचा बोका आणि सहा वर्षांची, रस्त्यावरून आणलेली कुत्री राणी. वास्तुशांतीला कुणीतरी मोठा स्नेक प्लांट भेट दिला. परवा संध्याकाळी बोक्यानं त्याच्या पानाची कड चावली, तोंडाला फेस आला, दोनदा उलटी झाली. आज तो बरा आहे, खातोय. पण घरात वाद सुरू झालाय. यजमान म्हणतात झाड विषारी आहे, आजच टाकून द्या. सासूबाई म्हणतात ते रात्री ऑक्सिजन देतं, राहू द्या. त्यात झाडाची दोन पानं बुडाशी पिवळी आणि मऊ पडलीत. तर झाड ठेवायचं का, ठेवलं तर जगवायचं कसं, असा एकूण प्रश्न.

ताई, आधी बोक्याचं. परवा चावलं, दोनदा उलटी झाली आणि आज तो जेवतोय, खेळतोय, तर तो त्यातून बाहेर आलाय. आणखी एक दिवस लक्ष ठेवा. शी पातळ होते का, पाणी पितो का, नेहमीच्या जागी जाऊन लघवी करतो का, एवढं बघायचं. पुन्हा उलट्या सुरू झाल्या, उलटीत किंवा शीत रक्त दिसलं, हिरड्या फिकट पडल्या, किंवा चोवीस तास तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टरांकडे न्यायचं. मांजर दोन दोन दिवस उपाशी राहिलं की त्याच्या यकृतावर ताण येतो, म्हणून मांजराच्या बाबतीत 'भूक लागली की खाईल' असं म्हणून थांबू नये.

पुढे कधी असं झालं तर काय करायचं तेही आत्ताच सांगते. तोंडात पानाचा तुकडा असेल तर काढायचा. ओल्या फडक्यानं तोंड, जीभ, मिशा पुसायच्या. स्वच्छ पाणी समोर ठेवायचं, पण जबरदस्तीनं पाजायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानंच प्राण्याला विषबाधा होऊ शकते. दूध, तूप, ताक यांतलं काही ओतू नका. आणि माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी जीवघेणी ठरते, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. चावलेल्या झाडाचा फोटो काढून ठेवायचा, कारण डॉक्टरांना 'ते लांब पानांचं हिरवं झाड' यावरून काही कळत नाही.

मी पुणे-सोलापूर रस्त्यावर बावीस वर्षं नर्सरी चालवते. धाकटी जाऊ पशुवैद्य आहे, तिचा दवाखाना आमच्या घराला लागूनच. त्यामुळे झाडाची बाजू माझ्याकडे येते आणि जनावराची तिच्याकडे, आणि रात्री जेवताना दोन्हींचा मेळ बसतो. खाली जे सांगतेय ते त्यातूनच आलंय.

तुमच्या बोक्यानं चावलेलं पान नीट बघा. कडेला दातांच्या बारीक भोकांची रांग असेल, आणि जिथे ओढून फाडलंय तिथे केरसुणीच्या काड्यांसारखे पांढरे धागे लोंबत असतील. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. त्या चिवट धाग्यांपासून तिकडे दोर वळत, धनुष्याच्या दोऱ्या करत. पान असं चिवट आणि वर कडू, म्हणून सहसा कुठलंच जनावर ते पोटभर खात नाही. एक-दोन चावे घेतं आणि सोडतं. कडूपणा ज्याचा, त्याचं नाव सॅपोनिन. रिठा भिजवून चोळला की जो फेस येतो तो सॅपोनिनचाच. शिकेकाईतही तेच असतं. रिठ्याचं पाणी चुकून तोंडात गेलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे: तोंड कडू, मळमळ, ओकारी. बोक्याचं झालं ते हेच. सॅपोनिन पोटाच्या आतल्या अस्तराला झोंबतं, लाळ सुटते, उलटी होते, जुलाब होतात. आतड्यातून ते रक्तात फारसं शिरत नाही, म्हणून गोष्ट बहुतेक वेळा पोटापाशीच थांबते.

आता यजमानांचं म्हणणं. झाड विषारी आहे, हे त्यांचं खरंच आहे. कुत्र्यामांजरांना विषारी असलेल्या झाडांच्या याद्यांमध्ये स्नेक प्लांट असतोच. पण 'विषारी' या एकाच शब्दात आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. एक झाड पोट बिघडवतं, दुसरं तोंड भाजतं, तिसरं जीव घेतं, आणि यादीत तिघांसमोर एकच शब्द लिहिलेला असतो. मग होतं असं की लोक घाबरून स्नेक प्लांट कचऱ्यात टाकतात आणि त्याच दिवशी घरात लिलीचा गुच्छ आणतात. ही खरी काळजीची गोष्ट आहे, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

तोंड भाजणारी झाडं म्हणजे अळूच्या कुळातली. अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो, म्हणून आपण फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका घालतो. त्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. मनी प्लांट, डिफेनबाकिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, सिंगोनियम ही सगळी त्याच कुळातली, आणि झीझी प्लांटही. यांचं पान चावलं की जनावर लगेच पंजानं तोंड ओरबाडतं, लाळेची धार लागते, जीभ सुजते. त्रास मोठा दिसतो, पण जीव जाण्याची वेळ क्वचित येते. तुमच्या घरात मनी प्लांट नक्की असेल. स्नेक प्लांटइतकीच काळजी त्याची घ्या. किंबहुना जास्तच, कारण त्याच्या वेली लोंबतात, आणि लोंबणारी वस्तू दिसली की मांजराला राहवत नाही.

जीव घेणारी झाडं वेगळी. मांजरासाठी पहिला नंबर खऱ्या लिलीचा. दादरच्या फुलबाजारात लांब दांड्यांवर मोठाली गुलाबी, पांढरी, केशरी फुलं मिळतात ना, एशियाटिक आणि ओरिएंटल लिली म्हणून, वाढदिवसाच्या गुच्छात हमखास असतात, त्या. त्याच्या परागाची भुकटी मांजराच्या अंगाला लागली आणि त्यानं ती चाटली, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. डे लिलीही तशीच. जावेच्या दवाखान्यात असं मांजर आलं की तिचा चेहरा बघवत नाही, कारण लोक बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात आणि तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं. लिली चाटल्याची नुसती शंका आली तरी त्याच तासाला निघायचं. इथे नावाचा घोळ आहे, तो सांगायला हवा. हारवाल्याकडे हारात ओवायला जी बारीक पांढरी लिलीची कळी मिळते ती वेगळ्या कुळातली. ती खाल्ली तर उलट्या होतात, मूत्रपिंड जात नाही. पीस लिली तिसरीच, ती अळूच्या कुळातली. नाव तिघींचं लिली, परिणाम तीन प्रकारचे.

कुत्र्यासाठी सगळ्यात वाईट म्हणजे सायकस. सोसायटीच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन, असं हे बुटकं ताडासारखं दिसणारं झाड आजकाल सगळीकडे लावतात. त्याच्या बिया, नारिंगी रंगाच्या, खाली पडतात आणि कुत्री चघळतात. यकृत निकामी होतं. राणीला खाली फिरवताना सायकसपासून दूर ठेवा. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि गच्चीगच्चीवर असलेलं अडेनियम, ही तिन्ही हृदयावर जाणारी. कलांचोही त्यातलंच, ते तर खिडकीतल्या लहान कुंडीत असतं. यातलं काही घरात असेल तर स्नेक प्लांटच्या आधी ते बाहेर काढा.

टीव्हीच्या कपाटावर काचेच्या भांड्यात लकी बांबू असेल, तर तोही लक्षात घ्या. तो बांबू नाही. ड्रॅसिना आहे. आणि २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्नेक प्लांटही ड्रॅसिनाच्याच गटात घातला. जुनं नाव सॅन्सेव्हेरिया ट्रायफॅसियाटा, नवीन ड्रॅसिना ट्रायफॅसियाटा. तेव्हा माहिती शोधताना दोन्ही नावं सापडली तर गोंधळू नका, झाड एकच. दोघांतही सॅपोनिनच.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लोक पानाकडे बघतात, मी कुंडीत बघायला सांगते.

आमच्या नर्सरीत काळू होता. रात्री राखण करायचा, दिवसा पॅकिंगच्या टेबलाखाली झोपायचा. तेव्हा आम्ही सेंद्रिय खत म्हणून एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा मिसळून पोत्यात ठेवायचो. हाडांच्या वासानं काळूनं एका रात्री पोतं फाडलं आणि ओंजळभर खाल्लं असेल. सकाळी ठीक होता. दुपारनंतर उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब, तिसऱ्या दिवशी गेला. जावेनं सलाईन लावून त्याच्याजवळ जमिनीवर बसून रात्र काढली. एरंडीतलं रायसिन हे विष तेल गाळताना तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पोतं मात्र मी उघड्यावर ठेवलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे एरंडीची पेंड येत नाही, आणि कुत्रं असलेल्या कुठल्याही घराला मी ती देत नाही.

म्हणून तुमची कुंडी उकरून बघा. भेट आलेल्या झाडात वर काय काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. मातीवर राखाडी, निळसर किंवा जांभळट बारीक दाणे दिसले तर ते कीटकनाशक असू शकतं. फोरेट नावाच्या अशाच दाणेदार कीटकनाशकावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, पण जुना साठा कुणाच्या शेडमध्ये पडून असेल ते सांगता येत नाही. दुसऱ्या जातीचे दाणेही वापरतात. असे दाणे दिसले तर हातमोजे घालून वरची दोन इंच माती काढून टाका, आणि तोवर कुंडी बाथरूममध्ये दार लावून ठेवा. पावसाळ्यात गोगलगायींसाठी ज्या गोळ्या टाकतात, मेटाल्डिहाइडच्या, त्या कुत्र्याला गोड लागतात आणि झटके आणतात. घरात त्या आणूच नका, गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हातानं वेचायच्या.

शोभेचे पांढरे गोटे हाही त्रासच. कुत्रं गिळतं आणि आतड्यात अडकतं, मग ऑपरेशन. गोटे ठेवायचे तर राणीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे ठेवा. मोठ्या गोट्यांचा एक फायदा असा की बोका कुंडीत उकरून शी करणं सोडतो. नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडेही चालतात.

आता ठेवायचं कसं. बोका आठ महिन्यांचा आहे. दात बदलण्याचा काळ, साधारण तीन ते सात महिन्यांचा, त्याचा संपलाय, तेव्हा चावण्याची खाज आता कमी होईल. मांजरं स्नेक प्लांटचं जुनं जाड पान सहसा सोडून देतात. नवीन फुटलेलं कोवळं गुंडाळीसारखं पान आणि पानांची टोकं, यांवर दात चालवतात. म्हणून पुढचे दोन-तीन महिने झाड अशा खोलीत ठेवा जिथे बोका एकटा नसतो. उंच कपाटावर ठेवा असं सगळे सांगतात, मला ते पटत नाही. मांजर तिथे पोचतंच, आणि उंचीवरून कुंडी पडली तर पानापेक्षा मोठी इजा होते. मोठा स्नेक प्लांट वरून जड असतो. पातळ प्लॅस्टिकच्या कुंडीत तो राणीच्या शेपटीच्या फटक्यानंही आडवा होईल. खाली, कोपऱ्यात, जड मातीच्या किंवा सिरॅमिकच्या कुंडीत, हेच बरं.

बोक्याला त्याचं स्वतःचं हिरवं द्या, हा उपाय मी सगळ्यात जास्त लोकांना सांगितला आहे आणि तो चालतो. नवरात्रात घटाला धान पेरतो तसं करायचं. पसरट भांड्यात दोन बोटं माती, त्यावर रात्रभर भिजवलेले गहू दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर, रोज पाण्याचा शिडकावा. आठव्या-नवव्या दिवशी वीतभर गव्हांकुर होतात. ते भांडं स्नेक प्लांटपासून दूर, बोक्याच्या खिडकीपाशी ठेवा. आठवड्याच्या अंतरानं दोन भांडी पेरली की एक संपेपर्यंत दुसरं तयार असतं. बाजारातून आणलेले गहू कधी कधी बियाण्याचे, औषध लावलेले असतात. डब्यातले खायचेच घ्या.

राणी सहा वर्षांची आहे, म्हणजे ती पान चावण्याची शक्यता कमी. तिच्या बाबतीत मला वेगळी भीती वाटते. स्नेक प्लांटचा एक गोल, भाल्यासारख्या पानांचा प्रकार मिळतो, सिलिंड्रिका. त्याची टोकं टणक आणि अणकुचीदार असतात, आणि ती नेमकी कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीला येतात. तुमच्याकडे रुंद पानांचाच आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, तरी पुढे घेताना सिलिंड्रिका टाळा.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे ससा किंवा गिनीपिग असेल तर त्यांनी हे झाड त्या खोलीत ठेवूच नये. या प्राण्यांना उलटी करता येत नाही, खाल्लेलं बाहेर टाकता येत नाही. सशानं खाणं बंद केलं आणि लेंड्या पडेनाशा झाल्या की दिवस मावळायची वाट न बघता डॉक्टर गाठावा. आणि माशांच्या टाकीत स्नेक प्लांटचं पान रुजवायची फॅशन आलीय, तीही नको. सह्याद्रीत गेळफळ ठेचून डोहात टाकून मासे गुंगवत असत, ते फळातल्या सॅपोनिनच्याच जोरावर. आपल्या पोटाला जे नुसतं झोंबतं ते माशाच्या कल्ल्यांना मारक होतं.

झाडाच्या तब्येतीकडे येते. दोन पानं बुडाशी पिवळी, मऊ, म्हणजे सडतंय, आणि कारण बहुतेक पाणी. भेटीच्या झाडांचं एक ठरलेलं दुखणं असतं. आंध्रातल्या कडियमच्या पट्ट्यातून ट्रकनं झाडं येतात, नुसत्या कोकोपीटमध्ये भरलेली, कारण ते वजनाला हलकं. वाटेत ते ठीक असतं. घरी आल्यावर कोकोपीट वरून कोरडं दिसतं, आत स्पंजासारखं ओलं असतं. आपण वरून बघून पाणी घालतो. त्यात झाड शोभेच्या कुंडीत ठेवलेलं असतं आणि तिला खाली भोकच नसतं. ठाण्याची जुलै-ऑगस्टची हवा त्यात घाला. सहा महिन्यांत बूड मऊ पडतंच.

या रविवारी झाड बाहेर काढा. बोका आणि राणी दुसऱ्या खोलीत. वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी करा आणि मुळं मोकळी करा. चांगलं खोड, म्हणजे जमिनीखालचा कंद, नारिंगी-पिवळसर आणि टणक असतो, बोटानं दाबला तर दबत नाही. सडलेला तपकिरी, चिकट, आणि त्याला साचलेल्या गटारासारखा वास येतो. सडकं सगळं धारदार सुरीनं कापून टाका, कापताना पुढे पांढरा-पिवळा टणक भाग लागेपर्यंत. जखमेवर हळद दाबा. मग लगेच लावायची घाई करू नका. झाड तसंच सावलीत कागदावर तीन दिवस ठेवा, जखम कोरडी होऊन खपली धरली पाहिजे. लोकांना हे तीन दिवस जड जातात, पण झाडाला काही होत नाही. पानात पाणी साठवलेलं असतं.

माती अशी करा: चार घमेली लाल माती, तीन घमेली जाड वाळू किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, दोन घमेली चाळलेलं गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट. छोट्या कुंडीला घमेल्याच्या जागी वाटी धरा. निंबोळी पेंड मूठभर, तीही तळाकडे मिसळून, वर पसरून नाही. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते आणि पुन्हा तेच. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

पुढे पाणी कधी? दिवस मोजू नका. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घ्या, कुंडीत बुडापर्यंत खुपसा, मिनिटभरानं काढा. माती चिकटून आली तर नाही. स्वच्छ कोरडी आली तर भोकातून खाली वाहेपर्यंत घाला, आणि बशीतलं पाणी ओतून टाका. ते पाणी बोका पितो, हेही कारण आहे. तुमच्याकडे उन्हाळ्यात साधारण दोन आठवडे, हिवाळ्यात तीन-चार आठवडे, आणि भर पावसाळ्यात घरातल्या झाडाला महिनाभर पाणी दिलं नाही तरी चालतं. पुण्या-नगरकडे हवा कोरडी, तिथे थोडं लवकर.

उजेडाबद्दल एवढंच की हे झाड कमी उजेडात मरत नाही, पण फारसं वाढतही नाही. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. पश्चिमेचं एप्रिल-मेचं ऊन सरळ पडलं तर पानावर पांढरे डाग पडतात. पानं चकाकवणारे स्प्रे मारू नका, बोक्याच्या पोटात जातील. महिन्यातून एकदा साध्या ओल्या फडक्यानं पुसा, धूळही जाते आणि पिठ्या ढेकूण असेल तर तिथेच सापडतो. खत वर्षातून दोनदा, मूठभर गांडूळखत, पुरे. चावलेली कड भरून येणार नाही, ती तपकिरी होऊन सुकेल. शोभेला खटकत असेल तर पान बुडातून कापा, नाहीतर राहू द्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं कुठून आलं ते मला माहीत आहे. हे झाड आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतं, दिवसा बंद ठेवतं, वाळवंटी हवेत पाणी वाचवायला. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, तो दिवसाच होतो. हवा शुद्ध करण्याची गोष्टही १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरली. तो प्रयोग बंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा निघालं की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याएवढी हवा साफ करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. म्हणून सासूबाईंनी ऑक्सिजनसाठी ते ठेवायला नको. ते देखणं आहे, सोशिक आहे आणि कुणीतरी प्रेमानं वास्तुशांतीला दिलंय, त्यासाठी ठेवावं. माझं मत विचारलंत तर ठेवा.

कापणी करताना एखादं निरोगी पान सुटलं तर वाया घालवू नका. त्याचे चार बोटं लांबीचे तुकडे करा, खालची बाजू कुठली ती खडूनं खूण करून ठेवा, कारण उलटा लावलेला तुकडा रुजत नाही. तीन-चार दिवस सुकवा आणि ओलसर वाळूत खालची बाजू खाली करून खोचा. मुळं धरायला दीड-दोन महिने, पिल्लू वर यायला आणखी काही महिने लागतात. तुमच्या झाडाला पिवळी कड असेल तर पानापासून झालेली पिल्लं साधी हिरवीच येतील. पिवळी कड हवी असेल तर कंदाचाच तुकडा पानांसकट वेगळा करून लावायचा.

आणि सडकी पानं, कापलेले तुकडे, जुनं कोकोपीट, हे सगळं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्याच वेळी खाली ओल्या कचऱ्यात नेऊन टाका. स्वयंपाकघरातल्या उघड्या डब्यात रात्रभर ठेवू नका. कापलेल्या कोवळ्या पानाचा रस उघडा असतो आणि बोका रात्री डबा उचकतो.